पाठ कुणाकडे, तोंड कुणाकडे : चर्चच्या आतल्या रचनेविषयी



वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला, महादेवाच्या ऐन दारात बसून ख्रिस्ती देवळांच्या आतल्या सजावटीवर बोलणार, असे मी कळवले तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या भुवया वर गेल्या म्हणे. विषय मीच मागून घेतला आहे. चर्चची आतली बाजू समजून घ्यायची तर मार्कंड्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण तिच्या अगदी उलट टोकाची वास्तू इथे आपल्यासमोर उभी आहे.

आपण सगळे हे देऊळ बाहेरून पाहतो. इंग्रज अधिकारी कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला. त्याला खजुराहोची आठवण झाली ती या बाहेरच्या भिंतींमुळेच. देवदेवता, अप्सरा, हत्ती, व्याल हे सगळे उन्हात आहेत, प्रदक्षिणेच्या वाटेवर आहेत. आत शिरलात की एकेका पावलाला उजेड कमी होतो आणि नक्षीही कमी होते. मंडपात अजून खांबांवर काहीबाही कोरलेले दिसते, अंतराळात ते विरळ होते आणि गाभाऱ्यात पोचेपर्यंत भिंत जवळजवळ मुकी झालेली असते. तिथे पिंड, समई आणि फार तर पाचसात माणसे. महाशिवरात्रीच्या जत्रेला कितीही गर्दी होवो, ती गर्दी देवळात मावत नाही आणि मावावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. माणसे रांगेने येतात, डोके टेकवतात, वैनगंगेकडे निघून जातात. हे देवाचे घर आहे. त्यात आपण पाहुणे, तेही घटकाभराचे.

पूर्वीचे रोमन देऊळही असेच होते. देव आत, यज्ञवेदी बाहेर पायऱ्यांपाशी आणि लोक मोकळ्या आवारात. ख्रिस्ती मंडळींना राजाश्रय मिळून मोठ्या वास्तू बांधायची वेळ आली, तेव्हा त्यांनी या देवळांचा नमुना उचलला नाही. त्यांनी उचलली बॅसिलिका, म्हणजे रोमन शहरातले लांबोळके सभागृह. तिथे न्यायनिवाडा चाले, व्यापाऱ्यांचे सौदे ठरत. एका टोकाला अर्धगोल कोनाडा आणि त्यात न्यायाधीशाचे आसन. ख्रिस्ती लोकांनी त्या कोनाड्यासमोर वेदी मांडली आणि बाकीच्या दालनात माणसे उभी केली. त्याही आधी ते घराघरांत जमत. सीरियात ड्युरा-युरोपस या गावात तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, आणि बाप्तिस्म्याच्या छोट्या खोलीत मेंढी खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळासारखी काही साधीशी चित्रे. सजावट म्हणाल तर एवढीच. पण ती आत आहे, हे लक्षात ठेवा.

जमायची जागा आत, म्हणून दाखवायचे तेही आत. पाचव्या शतकातले रोमचे सांता सबिना बाहेरून पाहिले तर विटांचे गोदाम वाटेल. इटलीतल्याच रावेन्ना गावचे सान व्हिताले ५४७ साली अर्पण झाले. त्याच्या बाहेरच्या भिंती कोऱ्या विटांच्या आहेत. आत पाऊल टाकले की सोनेरी काचतुकड्यांनी भिंती नुसत्या पेटलेल्या. मार्कंड्याच्या शिल्पींनी जे बाहेर केले ते त्यांनी आत केले. दोघांनीही आपापले काम माणसांची गर्दी जिथे होणार तिथेच केले.

इथून पुढे चर्चच्या आतल्या बाजूचा सगळा इतिहास, माझ्या मते, एकाच प्रश्नाभोवती फिरतो. माणसे एका दालनात जमली आहेत; आता देवाची बाजू कोणती, आणि ती बाजू व लोक यांच्यामध्ये काय ठेवायचे? जाळी, पडदा, कठडा, पायरी, की काहीच नाही? धर्मगुरूने वेदीकडे तोंड करायचे की लोकांकडे? याचे उत्तर ठरले की सोने कुठे लावायचे, चित्र कुठे, दिवा कुठे हे आपसूक ठरते. चर्चच्या सजावटीला ‘कलाकुसर’ म्हणून बाजूला काढणारी पुस्तके मला म्हणूनच अपुरी वाटतात.

गोव्याचे उदाहरण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सहलीत पाहिलेले असेल. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या मधल्या वाटेने चालत गेलात की समोरची अख्खी भिंत सोन्याने मढवलेल्या लाकडी कोरीवकामाची आहे. १६०५ साली अर्पण झालेले हे चर्च बाळ येशूच्या नावाचे. पण बाळ येशूची मूर्ती इवलीशी, आणि तिच्या डोक्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस भलेमोठे उभे. धर्मसुधारणेसाठी भरलेल्या ट्रेन्टच्या परिषदेनंतरच्या कॅथलिक चर्चने वेदी आणि लोक यांच्यामधली जाळी काढली, वेदी सगळ्यांना दिसेल अशी केली आणि तिच्यामागे ही सोन्याची भिंत उभी केली. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा. तो आणि लोक सारे मिळून त्या भिंतीकडे पाहतात. लॅटिन कळो न कळो, डोळे भरून पावतात.

ते लाकूड कोरले कुणी? १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक परिषदेने अख्रिस्ती कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घ्यायला बंदी केली होती. अशी बंदी पुढेही पुन्हा घालावी लागली. ज्याने आयुष्यात कधी सुताराशी व्यवहार केला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. गोव्यातल्या काही चर्चची प्रवचनपीठे पाहा. वर पाद्री उभा राहून बोलणार ती लाकडी कुंडी, आणि खाली तिचा भार पेलणाऱ्या नागकन्या. वर माणसाचा देह, कमरेखाली वेटोळे. एवढ्या कडक पोर्तुगीज राजवटीत त्या तिथे आल्या, टिकल्या आणि त्यांच्या डोक्यावरून साडेतीनशे वर्षे प्रवचने झाली. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने. त्यातून कोकणातले ऊन दुधासारखे होऊन आत येते. रंगीत काचेपेक्षा मला ती जास्त आवडतात, हे जाता जाता सांगून टाकतो.

आणि वसई. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा हत्तीघोड्यांबरोबर देशावर आल्या. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१. भीमाशंकरलाही अशी एक आहे. चर्चच्या मनोऱ्यात दोर ओढून वाजणारी घंटा देवळाच्या दारात हाताने वाजू लागली. सोन्याच्या भिंती मात्र कुणी नेल्या नाहीत. देवळात त्या लावायच्या कुठे? गाभाऱ्यात तेवढी भिंतच नसते.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांचे उत्तर वेगळेच होते. अहमदनगरला १८३१ मध्ये पाय रोवलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत चित्रे नाहीत, मूर्ती नाहीत, सोने तर नाहीच. पांढऱ्या भिंती, मध्यभागी उपदेशासाठी व्यासपीठ, त्यावर बायबल, पुढे प्रभुभोजनाचे मेज. इथे पाहण्याऐवजी ऐकायचे, म्हणून दालनाची रचना आवाजासाठी. मराठी माणसाला ही रचना फारशी परकी वाटली नसावी. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि कीर्तनाला बाकांपेक्षा सतरंजीच बरी. इंग्रजांचे अँग्लिकन चर्च मात्र आपल्याबरोबर गॉथिक घेऊन आले. मुंबईचे अफगाण चर्च १८५८ साली अर्पण झाले : उंच कमानी, विल्यम वेल्सच्या रंगीत काचा, वास्तुकार बटरफिल्डने आखलेली फरशी. अफगाण युद्धात मेलेल्यांची नावे भिंतीवर. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन त्याच शतकात आपल्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आले. मे महिन्यात जिथे पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो तिथे ढगाळ मुलुखातला खिडकीचा नमुना कसा निभावायचा, हा प्रश्न चांद्यानागपुरात बांधणाऱ्या प्रत्येकाला पडला असणार. त्यांच्या देशात खिडकी ऊन आत आणायला असते, आपल्याकडे ते बाहेर ठेवायला.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो.

३१ मार्च १९६२ रोजी पोपनी चांदा नावाचा एक नवा धर्मप्रदेश निर्माण केला आणि तो केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या हवाली केला. केरळाबाहेर या चर्चला मिळालेला हा पहिला प्रदेश. काम करायला आले सी.एम.आय. (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) संघाचे धर्मगुरू. १९७७ साली त्याचा पूर्ण दर्जाचा धर्मप्रांत झाला. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा आणि त्या काळी पलीकडचे आदिलाबादही त्यात होते. आदिलाबाद १९९९ मध्ये वेगळे निघाले. बल्लारपूरचे सेंट थॉमस कॅथेड्रल हे या धर्मप्रांताचे मुख्य चर्च. कागदाची गिरणी, कोळशाच्या खाणी आणि सागाचा डेपो यांच्यासाठी आपण बल्लारपूर ओळखतो. पण आशियातली एक फार जुनी ख्रिस्ती उपासनापद्धती तिथे चालते, हे चंद्रपूरच्या दहा माणसांना विचारा, दोघांनाही सांगता येणार नाही.

ही परंपरा रोमची नाही. ती टायग्रिस-युफ्रेटिसच्या दुआबातली, पूर्व सिरियाई. संत थॉमसचा वारसा सांगणारे केरळचे ख्रिस्ती शतकानुशतके तिकडच्या बिशपांच्या छायेखाली होते. पोर्तुगीज आले, १५९९ ला उदयंपेरूरची धर्मसभा भरली आणि त्यांच्या चर्चच्या आत लॅटिन वेदी, पुतळे, सोनेरी फळ्या शिरल्या. विसाव्या शतकात ते सगळे उपसून मूळ रचना परत आणायचा खटाटोप सुरू झाला, आणि चांदा धर्मप्रदेश जन्माला आला तो नेमका या खटाटोपाच्या मध्यात.

ती मूळ रचना कशी आहे, ते जरा सावकाश सांगतो. दालनाच्या पूर्वेच्या टोकाला तीन पायऱ्या चढून वर जी जागा, तिला मद्बहा म्हणतात. तिथे वेदी. मद्बहाच्या तोंडाशी पडदा असतो आणि उपासनेत ठरलेल्या क्षणी तो सरकतो. पडद्याच्या अलीकडे, लोकांच्या बाजूला बेमा नावाचा चौथरा; शास्त्रवाचन तिथून. वेदीपाशी क्रूस असतो, पण त्यावर येशूचा देह नसतो. तो रिकामा क्रूस कमळावर उभा असतो, टोकांना कळ्या फुटलेल्या आणि वरून पवित्र आत्म्याचे कबूतर उतरत असलेले. त्याला मार थोमा क्रूस म्हणतात. पहलवी लिपीतले लेख कोरलेले असे दगडी क्रूस चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत, कोट्टयमला आहेत, आणि २००१ साली गोव्यात आगशीजवळ जुवारीच्या काठी एक सापडला. दारापाशी किंवा पायऱ्यांलगत पुरुषभर उंचीची पितळी समई, शेंड्यावर मोराऐवजी क्रूस.

कमळ, समई, पडदा, पायऱ्या, पूर्व दिशा. नैवेद्याच्या वेळी पडदा ओढणारे पुजारी आपण पाहिलेले आहेत. अंतराळ ओलांडून गाभाऱ्यात कुणी जायचे नि कुणी नाही, हेही आपल्याला कुणी शिकवलेले नाही, ते अंगातच आहे. मार्कंड्याला येणारा भाविक एखाद्या सिरो-मलबार चर्चमध्ये गेला तर त्याला अफगाण चर्चपेक्षा कमी परके वाटेल, असा माझा अंदाज आहे. एक फरक मात्र विसरू नका. इथला पडदा सरकल्यावर आपण एकेकटे देवासमोर असतो. तिथे अख्खे दालन एकाच वेळी समोर असते.

योगायोग असा की त्याच १९६२ च्या ऑक्टोबरात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. तिच्यानंतरच्या सुधारणांनी वेदी भिंतीपासून सुटी केली आणि जगभरच्या कॅथलिक धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड केले. जवळजवळ चारशे वर्षे ज्या सोन्याच्या भिंतीकडे सगळे मिळून पाहत होते, ती एका रात्रीत पाठीमागची शोभा झाली. म्हणजे एकीकडे सिरो-मलबार चर्च पडदा परत आणत होते आणि दुसरीकडे रोम सगळे पडदे बाजूला सारत होते. दोन्ही प्रवाह एकाच चर्चच्या आत आदळले. १९८६ मध्ये जुन्या पद्धतीची उपासना पुन्हा सुरू झाली, १९९९ मध्ये अर्धी उपासना लोकांकडे तोंड करून आणि अर्धी वेदीकडे असा तोडगा निघाला, आणि २०२१ मध्ये तो सर्वत्र सक्तीचा करायचा ठरल्यावर एर्नाकुलमला एवढा भडका उडाला की पुढच्या वर्षी तिथले कॅथेड्रल बंद ठेवावे लागले. धर्मगुरूने कोणत्या क्षणी कुठे वळायचे, यावरून. हसू नका. चर्चच्या आत दिशा हीच सगळ्यात मोठी सजावट असते, आणि ती बदलली की बाकीचे सगळे फर्निचर निरर्थक होते.

चांद्याच्या धर्मप्रांताला या भांडणापेक्षा वेगळा प्रश्न आहे, आणि तो मला अधिक रस घेण्याजोगा वाटतो. केरळची ती समई, तो कमळक्रूस हे तिकडच्या मातीत शतकानुशतके मुरलेले आहे. गडचिरोलीच्या गोंड, माडिया वा मराठी माणसाला ते कुणाचे वाटणार? भारतीय मातीतले चर्च कसे दिसावे, याचा विचार झालाच नाही असे नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेले अँजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात इतकी टीका झाली की त्यांना गाव सोडावे लागले. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली आणि त्यांचे बरेचसे काम तिथेच झाले. १९६९ साली तर रोमनेच भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली : जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर, समई, आरती वगैरे. पुष्कळ ठिकाणी ते आले आणि पुष्कळ ठिकाणी लोकांनीच नाक मुरडले. आम्ही ज्यातून बाहेर आलो तेच परत का आणता, असे दलित ख्रिस्ती विचारत. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आरती आणि गाभारा म्हणजेच भारत, हे समीकरण शहरी आणि वरच्या जातीचे होते.

आपल्या जिल्ह्यातल्या एका आडगावचे प्रार्थनाघर मी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही. वर पत्रे, आत पांढऱ्या चुन्यावर आकाशी पट्टा. वेदी म्हणजे सनमायका लावलेले टेबल, त्यावर नायलॉनच्या लेसची चादर. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या फुलांचे हार, कधी काळी लाल असलेले. वेदीमागे कॅलेंडरच्या कागदावरचा गोरा येशू, चौकटीभोवती निळ्या-हिरव्या दिव्यांची माळ, आणि सगळ्यावर एक ट्यूबलाइट. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. मात्र नाताळसाठी कोपऱ्यात उभा केलेला गोठा बघण्यासारखा होता. बांबूच्या चिवट्यांची भिंत, धानाच्या तणसाचे छप्पर, मातीचे बैल आणि गाभण दिसणारी एक म्हैस. बेथलेहेमात म्हैस नव्हती, पण ती करणाऱ्या पोराला गोठा माहीत होता. दालनातली बाकीची प्रत्येक वस्तू बाजारातून आणलेली होती. हा कोपरा तेवढा हाताने केलेला, आणि जानेवारी लागताच तो मोडून चुलीत जाणार होता.

माझी तक्रार प्लॅस्टिकच्या हारांबद्दल नाही. आपल्या देवळांतही तेच हार आहेत, सोबत ग्रॅनाइटच्या फरशा, स्टीलचे कठडे आणि गाभाऱ्यात एग्झॉस्ट पंखा. माझे म्हणणे असे की तात्पुरते ते हाताचे आणि कायमचे ते दुकानाचे, ही वाटणी उलटी झाली आहे. त्यावर इलाज म्हणून भिंतीभर वारली चित्रे काढायचा जो पर्याय आजकाल सर्रास निघतो, तोही मला पटत नाही. वारली पालघरची. गडचिरोलीच्या भिंतीवर ती आणणे म्हणजे कॅलेंडरच्या जागी दुसरे कॅलेंडर.

इथले काय आहे ते पाहा. माडिया गावात गोटुल आहे. माणसे जमायची जागा, लाकडी खांबांची, बाजूने उघडी, मध्ये शेकोटी. पेनचे, म्हणजे त्यांच्या देवाचे, ठाणे झाडाखाली, उघड्यावर. देवाला भिंतींत कोंडायची त्यांना गरज वाटली नाही. म्हणजे देवाचे घर आणि माणसांचे सभागृह यांची फारकत गोंडांनी कधीच करून ठेवलेली आहे, आणि चर्च ही मुळात सभागृहाचीच वास्तू आहे. गोटुलच्या बाजूने उघड्या मांडणीत वेदी बसवून पाहायला हरकत काय? वैदर्भीय उन्हाळ्याला कमानीच्या खिडकीपेक्षा ती कधीही सोयीची. मद्बहाचा पडदा रेशमाचाच हवा असे कुणी सांगितले? बांबूच्या बारीक चिवट्यांची चिक सूर्य मावळतीला जी काळीपिवळी होते ती पाहिलेल्या माणसाला झगमगीत कापड सुचणार नाही. चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि बुरूड तर गावोगाव आहेत. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात मातीचे काम चालते. बाप्तिस्म्याचे कुंड संगमरवराचे आणण्याऐवजी तिथल्या भट्टीतून काढता येईल. आणि साग! बल्लारपूरच्या डेपोतून आपला साग २०२३ साली अयोध्येला गेला, दारांसाठी. मग इथल्या शास्त्रवाचनाच्या चौरंगाला प्लायवूड का?

अडचण कलेची नाही, पैशाचीही फारशी नाही. कारागिराला ही जागा त्याची आहे असे कुणी सांगितलेले नाही, ही आहे. गोव्यात बंदी असूनही नागकन्या प्रवचनपीठाखाली शिरल्या, कारण कोरणाऱ्याकडे दुसरे देणेच नव्हते. इथे बंदी नाही, उलट रोमची मान्यता आहे, आणि तरी कॅटलॉगमधून पुतळे येतात. धर्मगुरूही बहुधा केरळहून येतात, दर पाचेक वर्षांनी बदलतात. बुरडाशी बोलायला, त्याचे नमुने बिघडू द्यायला, पुन्हा करून घ्यायला लागतो तेवढा वेळ त्यांच्यापाशी नसतो. हे काम गावातल्या मंडळींनीच अंगावर घ्यायला हवे.

इथे मार्कंड्यालाही आपण तेच पाहतो आहोत. वीज पडून मंडप कोसळला तेव्हा गोंड राजाने जाडजूड खांब घालून तो सावरला. नक्षी जुळली नाही म्हणून जाणकारांनी नावे ठेवली, पण छप्पर टिकले. आता पुरातत्त्व खाते दगड उतरवून, क्रमांक टाकून पुन्हा रचते आहे, आणि आपण रेंगाळलेल्या कामाबद्दल कुरकुरतो आहोत. क्रमांकाचा दगड जागेवर बसवणारा गवंडी कुठला आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मघाशी मी त्याला विचारून आलो. त्याचे म्हणणे, कोरलेला दगड बसवायला सोपा, त्याला वरखाल कळते. साधा चौकोनी दगडच घोळ घालतो. भाषण लांबले आहे आणि समोर सहानंतर ट्रॅक्टर सुटणार आहेत म्हणे, तेव्हा प्रश्न असतील ते आधी घेऊ.